सांगणारीचं नाव

'इंग्रजांनी जमवलेल्या आपल्या गोष्टी बाजूला ठेवा. ती साम्राज्याची दप्तरं आहेत,' असं एका चर्चासत्रात एक तरुण प्राध्यापक ठणकावून म्हणाले. टाळ्याही पडल्या. ते वाक्य तेव्हापासून मला खुपतं आहे.

रयतेचं मन कळलं की राज्य करणं सोपं जातं, म्हणून साहेबलोकांनी लोककथा टिपल्या, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. लोककथा जमवणाऱ्या विल्यम क्रुकसाठी राबलेल्या पंडित रामगरीब चौबेंना किती काळ कोणी ओळखत नव्हतं, हेही. पण दप्तर कुणाचं आणि त्यातला आवाज कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१८६८ साली निघालेलं 'ओल्ड डेक्कन डेज' उघडा. नाव मेरी फ्रियरचं, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरच्या लेकीचं. गोष्टी मात्र तिची आया ॲना लिबरेटा डिसोझा हिच्या, दख्खनच्या दौऱ्यात सांगितलेल्या. त्यांच्याआधी ॲनाची स्वतःची कैफियतही छापली आहे: मूळचं लिंगायत घराणं, ख्रिस्ती झालेले आजोबा, गोष्टी सांगणारी आजी, पुण्याच्या नदीत बुडालेला मुलगा.

त्यातली पहिलीच कथा पाहा. जादूगाराने राजकन्या बालनाला बारा वर्षं कोंडून ठेवलंय. ती गोड बोलून त्याच्या जिवाचं ठिकाण काढून घेते: दूरच्या जंगलात ताडांच्या रिंगणात एकावर एक सहा पाण्याच्या घागरी, सर्वांत खालच्या घागरीखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. कैदेतल्या बाईचं हे शहाणपण एक नोकर बाई गव्हर्नरच्या मुलीला ऐकवते आहे. यात साम्राज्यापलीकडचं काहीच नाही?

मुखपृष्ठावर ॲनाचंच नाव हवं, असं मी म्हणणार होते. पण ॲना गोष्टींचं श्रेय आजीला देते, आणि आजीनेही त्या कुणाकडून तरी ऐकल्याच असणार. मालकी ठरवू गेलं की हाती काही लागत नाही. शिवाय मालकिणीपुढे आया काय बोलली नसेल, हा प्राध्यापकांच्या वाक्यामागचा संशय मला आता पटतो. पण तो संशय घ्यायलासुद्धा ॲना समोर असावी लागते. दप्तर बाजूला ठेवलं, तर तिच्या तोंडची कैफियतही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: यातली एखादी कथा वर्गात घ्याल, तेव्हा आधी ॲनाची कैफियत वाचून दाखवा.