उडालेली माशी कुठं बसते

आमच्या माणदेशात माळ हिरवा दिसतो तो श्रावण-भाद्रपदात, आणि घोड्यांना सगळ्यात जास्त छळ होतो तोही याच दिवसांत. जगायला परगावी गेलेले धनगरांचे वाडे पावसाळ्यात परतलेले असायचे. बिऱ्हाड वाहणारी त्यांची तट्टं रिकामी, ओढ्याकडेनं चरायची. चरायची म्हणजे काय, चार घास झाले की पाय आपट, कातडं थरथरव, मान वळवून पोटाला तोंड मार. गोमाशी बसली तिथं रक्ताचा थेंब उभा राहायचा. ती डासासारखी नुसती सोंड खुपसत नाही. पात्यासारख्या तोंडानं कातडं कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. हे काम मादीचंच. नर बिचारा फुलातल्या रसावर जगतो.

दुसरी एक माशी चावतसुद्धा नाही. तिला खायला धड तोंडच नसतं. घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांना लिखांसारखी पिवळी अंडी चिकटवायची नि जायचं. पण गोमाशी सोसणारं तट्टू हिची गुणगुण आली की उधळतं. मग पाय चाटताना जिभेच्या उबेनं अंडी फुटतात, अळ्या तोंडातून पोटात उतरतात आणि आठ-दहा महिने जठराला धरून बसतात. चावणारीपेक्षा ही वाईट, हे घोड्याला कळत असेल का? का आपलं नुसत्या आवाजालाच भितं? देव जाणे.

दुपारी तट्टं जोडीजोडीनं उलटसुलट उभी राहायची, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडं. ह्याच्या शेपटीनं त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या उडायच्या. आमचे आण्णा म्हणायचे, "बगा, जनावराला कळतं ते माणसाला कळंना." मला त्यात पुण्यबिण्य कधी दिसलं नाही. शेपटी हलते ती आपल्याच ढुंगणासाठी. शेजाऱ्याचा फायदा आपसूक. पण म्हणून शेजाऱ्याचा डोळा कमी सुखावतो असंही नाही.

मला छळायचा तो प्रश्न वेगळाच. उडालेली माशी जाते कुठं? फ्रान्समध्ये कामार्ग नावाच्या पाणथळ मुलखात 1970 च्या दशकात घोड्यांवरच्या माश्यांचा अभ्यास झाला. मोठ्या कळपातल्या घोड्याच्या वाट्याला माश्या कमी आल्या. त्या काही मेल्या नव्हत्या, जास्त अंगांवर वाटल्या गेल्या होत्या. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण सर्रा नावाचा रोग आहे. त्याचे जंतू 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खानकडच्या घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिले. गोमाशी तो रोग पसरवते ती बहुतेक अर्धपोटी उठावं लागल्यामुळं. शेपटीचा फटका बसतो, ती उठते आणि तेच ओलं तोंड घेऊन जवळच्या अंगावर बसते. म्हणजे एकाची सुटका ही दुसऱ्याची लागण.

आमच्या रानाशेजारच्या वाड्यातली एक तांबडी घोडी अशीच खंगत गेली. ताप चढायचा, उतरायचा. पायांना आणि पोटाखाली सूज. डॉक्टरांनी रक्त तपासून सर्रा सांगितला, सुई दिली आणि घोडी लांब बांधा म्हणाले. सल्ला सोळा आणे खरा होता. अंतर जास्त पडलं की उठलेली माशी दुसरीकडं जात नाही, त्याच जनावरावर फिरून बसते. धनगरमामांनी घोडी पार पलीकडच्या बाभळीखाली नेली. सोडली की जोडीदाराकडं येणार, म्हणून पुढच्या पायांना पायबंद. आता तिच्या तोंडावर कुणाची शेपटी नव्हती आणि पाय आपटायचीही सोय नव्हती. चार तट्टं वाचावीत म्हणून सगळ्या माश्या एकटीनं सोसायच्या. दिवसभर खिंकाळायची.

मामी निरगुडीचा फाटा घेऊन तिच्यापाशी बसायला लागल्या. गोवरीचा धूर करायच्या, धूर विरला की फाट्यानं वारायच्या. आण्णा एकदा म्हणाले, "मामी, जनावर जगतंय का न्हाई ठावं न्हाई. कशाला दीस घालवताय?"

मामी वर न बघता म्हणाल्या, "बांदली कुनी? आमीच न्हवं?"

गावात कुणी त्याला भूतदया म्हणालं, कुणी खुळेपणा. मला दोन्ही शब्द पटले नाहीत. दया ही वाटली तर करायची गोष्ट. मामी देणं फेडत होत्या. घोडी दूर बांधणं योग्यच होतं, मीही बांधली असती. पण योग्य केलं म्हणजे हिशोब मिटला, असं आपण फार लवकर धरून चालतो. साथीत एखाद्याला घराबाहेर खोपटात ठेवतात, तेव्हा बाकीचं घर वाचतं हे खरं. खोपटात जेवण घेऊन जाणाराच मग पुष्कळदा सापडत नाही.

दुसऱ्या तपासणीत घोडीच्या रक्तात काही निघालं नाही. दिवाळी करून वाडा हलला तेव्हा ती मोकळ्या पाठीनं चालत होती. तिच्या वाटणीचं ओझं बाकीच्या तट्टांवर टाकलं होतं, आणि उरलेलं एक गाठोडं मामींच्या डोक्यावर होतं.