दंगल नसते तेव्हाचे काम

गणपती आणि ईद जवळ आली की राज्यातल्या जवळपास प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक बैठक भरते. ठाण्याच्या आवारात किंवा शेजारच्या मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. पुढच्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन-चार माजी नगरसेवक, पत्रकार. साहेब येतात, शाल-श्रीफळ होते. ‘आपल्या गावाला एकोप्याची परंपरा आहे’ हे तीन वक्ते तरी सांगतात. डीजेच्या आवाजावरून थोडी खडाजंगी उडते, चहा-बिस्किटे होतात आणि शांतता समितीची बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्याची बातमी दुसऱ्या दिवशी फोटोसह छापून येते. फोटोतले चेहरे बहुधा गेल्या वर्षीचेच असतात.

या बैठकीचा उपयोग नाही, असे नाही. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ तिथे ठरते, स्वयंसेवकांची नावे दिली जातात. पण तिच्या भरवशावर शहर शांत राहील असे मानणे म्हणजे निव्वळ भाबडेपणा. भिवंडीत १९७०च्या शिवजयंतीच्या मिरवणुकीआधीही शांतता समितीच्या बैठका झालेल्या होत्या. ७ मे रोजी मिरवणूक निघाली आणि शहर पेटले; लोण जळगाव-महाडपर्यंत गेले. न्या. मदन आयोगाने त्या सगळ्याची तपशीलवार चौकशी केली. तरी १९८४च्या मे महिन्यात पुन्हा तेच घडले. या वेळी आग ठाणे-मुंबईत पसरली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर भिवंडीचे काय होणार, या चिंतेने सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात मुंबई जळाली आणि भिवंडी शांत राहिली.

का राहिली, याचे सोपे उत्तर धंद्याकडे बोट दाखवते. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. सुताचा व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी, मागाचा मालक मुसलमान किंवा तेलुगू पद्मशाली, माग चालवणारा उत्तर प्रदेशातून आलेला. साईझिंगमधून, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून, बीम वेळेवर आली नाही तर माग थांबतो, आणि माग थांबला की हातावर पोट असलेल्याच्या घरची चूल थांबते. अशी माणसे एकमेकांच्या जिवावर कशाला उठतील? युक्तिवाद पटण्यासारखा आहे, फक्त एक अडचण आहे. माग १९७०लाही होते आणि १९८४लाही. त्यांनी दंगल थांबवली नाही. धंद्यामुळे आपले एकमेकांवाचून चालत नाही हे कळते. पण रात्री अफवा आली तर पलीकडच्या गल्लीत कोणाचे दार ठोठावायचे, हे धंदा शिकवत नाही.

ते शिकवण्याचा प्रयत्न १९८८मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी केला. त्यांच्या मोहल्ला समित्यांची कल्पना वरकरणी अगदी साधी होती. पोलिसांच्या प्रत्येक बीटसाठी एक समिती. तिच्यात हिंदू आणि मुसलमान समसमान. नेहमीचे पुढारी, व्यासपीठ सोडायला तयार नसलेली मंडळी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे लोक बाहेर. रोज त्याच गल्लीतून जाणारी-येणारी सामान्य माणसे आत. आणि बैठक सणापुरती नव्हे, बारा महिने.

बारा महिने भेटायचे म्हटले की विषयही बदलतात. सर्वधर्मसमभावावर दर आठवड्याला भाषण होऊ शकत नाही. मग तुंबलेले गटार निघते, नळाला पाणी कोणत्या वेळी येते ते निघते, दारू पिऊन घरात मारझोड करणारा नवरा निघतो, दुकानासमोर लावलेल्या हातगाडीचे भांडण निघते. बीटचा हवालदार वहीत टिपून घेतो. पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारते, ‘त्या गटाराचं काय झालं?’ आणि ते झालेले असले तर समितीची पत थोडी वाढते. अशा शंभर फुटकळ प्रश्नांतून दोन्हीकडची माणसे परस्परांना नावाने, स्वभावाने ओळखू लागतात. कोण शब्दाला पक्का, कोण तोंडाचा फटकळ पण मनाचा सरळ, कोणाचे पोरांवर वजन आहे, हे कळते. अमक्या गल्लीत मूर्ती फोडली, तमक्या नाक्यावर पोराला भोसकले, अशी आवई उठते तेव्हा ही ओळख उपयोगी पडते. आधी खात्री करू, मग बघू, असे म्हणणारा माणूस दोन्हीकडे असतो आणि खात्री कोणाकडे करायची हे त्याला ठाऊक असते. संकटाच्या रात्री कोणाच्या शब्दाला किंमत असेल, हे आदल्या वर्षभराच्या कंटाळवाण्या बैठकांमध्ये ठरून गेलेले असते.

हे गांधीजींनी फार आधी ओळखले होते. १८ जून १९३८च्या ‘हरिजन’मध्ये शांतिसैनिकाच्या अंगी काय हवे ते सांगताना त्यांनी स्थानिक कामावर भर दिला. त्याने आपल्याच भागात, लोकांची सेवा करत राहावे, म्हणजे प्रसंग येईल तेव्हा तो परका वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला. १९५० ते १९९५ या काळात शहरी भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचे जवळपास निम्मे बळी अवघ्या आठ शहरांतले आहेत, असे त्यांना दिसले. दंगली होणारी आणि न होणारी शहरे जोडीजोडीने तपासून ते म्हणतात की खेड्यात शेजारधर्म पुरतो, शहरात पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटना लागतात.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. दंगली आपोआप होत नाहीत, त्या घडवल्या जातात, असे राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांनी अलीगढच्या अभ्यासातून दाखवले. सरकारने मनावर घेतले तर दंगल काही तासांत आटोक्यात येते आणि ते मनावर घेणे मतांच्या गणितावर ठरते, असे दुसरे राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन विल्किन्सन सांगतात. हे खरे असेल तर गटारावर बैठका घेणारी भाबडी माणसे काय साधणार? माझ्या मते याच अभ्यासातून उलटा निष्कर्षही निघतो. ब्रास यांनी वर्णन केलेली दंगलीची यंत्रणा बारमाही आहे. किरकोळ भांडणाला धार्मिक रंग देणारे, अफवा पोचवणारे, पोरे जमवणारे आपापले काम वर्षभर करत असतात. त्यांच्यासमोर सणाआधी एकदा जमणारी समिती टिकणार कशी? बारमाही यंत्रणेला उत्तर बारमाहीच लागते. सरकारची जबाबदारी याने तसूभरही कमी होत नाही. पण नेहमी भेटणारी, नोंदी ठेवणारी समिती असली तर ‘आम्हाला काही कळलेच नाही’ असे सरकारला म्हणता येत नाही.

मुंबईत १९९४च्या सुमारास माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. वस्त्यावस्त्यांत बैठका झाल्या, महिलांचे गट झाले, वस्त्यांमधले क्रिकेट सामने सुरू झाले. धारावीतले भाऊ कोरडे आणि वकार खान यांच्या अशाच कामावर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ हा माहितीपट २००३मध्ये केला. कोरडे-खान यांच्यासारखी माणसे हे या कामाचे बळ आहे आणि दुखणेही. ती थकली की पुढे कोण, हा प्रश्न जवळपास प्रत्येक वस्तीत अनुत्तरित आहे.

दुसरे दुखणे पोलिसांशी असलेल्या नात्याचे. समिती पोलिसांनी स्थापली, बैठक पोलिसांनी बोलावली, तर साहेबांची बदली झाली की समितीचे अवसान गळते. त्याहून अवघड म्हणजे वाद पोलिसांशीच असला तर? जुलै २००६मध्ये भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तसेच झाले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, जमावाने दोन पोलिसांना मारले. चौदा वर्षांपूर्वी ज्या गावाने मुंबईला धडा घालून दिला होता, त्याच गावात हे घडले. मध्यस्थच पक्षकार झाला की त्याच्या खुर्चीभोवती बांधलेली समिती काय करणार?

तिसरी गोष्ट न्यायाची. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीत ९०० माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली. तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८मध्ये आला, काही पोलिसांवर ठपका ठेवून गेला आणि बराचसा कागदावरच राहिला. कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य अपयशी ठरले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये म्हटले, तोवर एक पिढी सरली होती. ज्याच्या घरातला माणूस परतला नाही त्याला ‘झाले गेले विसरा’ सांगणारी समिती त्याची नसते, प्रशासनाची असते. शांततेचे काम करणाऱ्यांनी साक्षीदाराबरोबर कोर्टात जायला हवे, भरपाईचा अर्ज भरून द्यायला हवा. त्यात काही अधिकाऱ्यांशी वाकडे येईल. ते आलेले बरे.

१९९३नंतर आणखी एक गोष्ट घडली. मुंबईतून अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला गेली. मिश्र चाळी विरळ झाल्या आणि विशिष्ट नावाच्या माणसाला सोसायटीत घर न देणे अंगवळणी पडले. मोहल्ला समितीने मोहल्ला मिश्र असल्याचे गृहीत धरले होते. आज गल्लीतली सगळी माणसे एकाच धर्माची असतील तर समसमान माणसे आणायची कुठून? आता दोन वस्त्यांची मिळून एक समिती लागेल, आणि अफवा मोबाइलवर येते म्हणून तिच्यात ग्रुपचे ॲडमिन असलेली तिशीच्या आतली मुले-मुलीही लागतील.

हे अशक्य नाही. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद लागोपाठ किंवा एकाच दिवशी आल्यामुळे २०२३पासून सलग तीन वर्षे मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला. विसर्जनाला अख्खा रस्ता मोकळा मिळाला. समाजातल्या उत्साही पोरांना हे पटवून देणे सोपे नसते. ज्यांनी पटवले त्यांची गावातली पत आधी कमावलेली असणार. पण दर वेळी एकानेच पाऊल मागे घ्यायचे, हे फार काळ चालणार नाही. पुढे कधी विसर्जनाची वेळ बदलावी लागली तर मंडळांच्या बाजूने तसे बोलणारा माणूस लागेल, आणि तो सणाआधीच्या एका बैठकीत तयार होत नाही.

म्हणून शांतता समितीकडे मागण्या करायच्या तर त्या साध्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात. बैठक दर महिन्याला व्हावी, अध्यक्ष नागरिक असावा आणि पोलीस निमंत्रित. सभासदांपैकी निम्म्या बायका असाव्यात, एक तृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी बदलावेत. गेल्या बैठकीतल्या कोणत्या तक्रारी सुटल्या, ते ठाण्याच्या फलकावर लावावे. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पुढच्या वर्षी गणपतीआधी तुमच्या ठाण्यात बैठक भरेल तेव्हा कोणीतरी उठून एवढेच विचारावे: गेल्या अकरा महिन्यांत आपण किती वेळा भेटलो?