टोपलीतली शेवटची भाकरी

थोडं सैल बसा. नुकतंच जेवण झालं असेल तर बोटांना भाकरीचा वास अजून असेल. तो तसाच राहू द्या.

पाथर्डी तालुक्यातलं, गर्भगिरीच्या पायथ्याचं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. सप्ताह चालू आहे. घराघरातून बाजरीच्या भाकरी मंडपात येताहेत, कढईत आमटी रटरटतेय. पाव्हणा कुठला हे विचारायच्या आत पान वाढलं जातं. भुकेला दिलेलं हे आपलं फार जुनं उत्तर आहे, आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त सप्ताह सात दिवसांचा असतो.

आठव्या दिवसापाशी थांबा.

उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाच्या मागं ऊसतोडीला गेलेत. घरात आजी आणि दोन नातवंडं. सकाळी तिनं चहात भाकरी कुस्करून दिली. पोट भरलं, पोरं खेळायला गेली. लगेच पुढं जाऊ नका, त्या वाटीकडेच बघत राहा. बाजरीत लोह आहे. पण सोबतचा चहा ते नीटसं अंगी लागू देत नाही. हीच भाकरी वरणात कुस्करून वर लिंबू पिळलं असतं, तर त्यातलं अधिक लोह रक्तापर्यंत पोचलं असतं. हे आजीला कुणीतरी सांगायला हवं. पण डाळीचा भाव तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. भिंतीवर आहाराचे तक्ते टांगणारे नेमकं हेच विसरतात, असं मला वाटतं.

आता एक दोरा घ्या, साडेअकरा सेंटीमीटरचा. दोन्ही टोकं जुळवून तळहातावर ठेवा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या लेकराच्या दंडाचा घेर याहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. दंड मोजायच्या पट्टीवर तिथं लाल रंग असतो. बघा, केवढंसं कडं आहे. दोनचार श्वास त्याच्याकडे बघत काढा. काही करायचं नाही.

पण आजीला सांगणार कोण? पाथर्डीच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात, जामखेड. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. ते डॉक्टर, पण लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नाची आणि पाण्याची होती. पाठोपाठ 1972चा दुष्काळ. लेकरांसाठी गावोगाव चुली पेटल्या, रांधणारे हात गावातलेच. पुढं गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या बाळांची वजनं करू लागल्या, काय खाऊ घालायचं ते शेजारणीला सांगू लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझं मन मात्र त्या शेजारणीच्या चुलीपाशीच अडकतं. तिथं सांगणारी आणि ऐकणारी दोघी एकाच गावच्या, एकाच दुकानातून उधारीवर डाळ आणणाऱ्या. म्हणून सांगणं टोचत नसणार.

दोरा अजून हातात आहे ना? असू द्या.

रात्री घरातली पानं वाढली जातील. टोपलीतली शेवटची भाकरी कुणाच्या वाट्याला येते, आणि तिच्यासोबत पातेल्यात वरण उरलेलं असतं की नुसतं मीठ-मिरची, एवढं शांतपणे पाहा. उद्या त्या माणसाला आधी वाढा.