नाममुद्रेमागे उभा माणूस

वारकरी कीर्तन एका अभंगावर उभं राहतं. त्याच्या शेवटच्या चरणात संताचं नाव येतं: नामदेवांचं, चोखोबांचं, तुकोबांचं. कीर्तनात त्या नावापाशी आले की मी थांबते. तोवरचं सगळं बोलणं कुणाच्या भरवशावर चाललं होतं, ते तिथे कळतं.

परवा एका तरुण कीर्तनकाराने मला मोबाइलवर एआयने रचलेला अभंग दाखवला. मी बोटांवर अक्षरं मोजली. सहा, सहा, सहा, चार. यमक जागच्या जागी, भाषा जुन्या वळणाची, शेवटी तुकोबांची नाममुद्रा. "ताई, यात चूक काय?" त्याने विचारलं. रचनेत चूक नव्हतीच. तुकोबांच्या शासकीय गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे अशा मजकुरातूनच यंत्र शिकतं.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "तुकोबाच सांगतात ना, की बोलणारा मी नाही, विठ्ठल आहे? मग तो माणसाच्या तोंडून बोलला काय नि यंत्राच्या, फरक कसला?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. संतांनी कवित्वाचा अभिमान खरोखरच सोडला होता. पण मालकी सोडली म्हणून त्यांनी जबाबदारी सोडली नाही. 1630च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. वैराग्यावर ते बोलले ते हे सोसून, आणि बोलले तसे वागून. चोखोबांना देवळात पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारासमोर पायरीशीच आहे. देव सगळ्यांचा आहे, हे त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हटलं. शब्द देवाचा असेल, पण तो एका जिवातून पार होऊन आला. माणसाच्या सर्जनाचं मोल मला तिथे दिसतं. यंत्राला कुणी गमावायचं नसतं, आणि बोलल्याप्रमाणे वागायचंही नसतं.

आम्हा कीर्तनकारांना दशक्रियेच्या प्रवचनालाही बोलावतात. सकाळी नदीच्या घाटावर, पिंडदान चाललेलं असताना, तरणा मुलगा गेलेली आई समोर बसलेली असते. बोलताना तिच्या डोळ्यांत पाहावं लागतं. सुबक वाक्यं तिथे आपोआप गळून पडतात. कधी मी दोन वाक्यांतच थांबते, आणि तेवढंच तिला पुरतं.

मी त्या तरुण कीर्तनकाराला स्पष्ट सांगितलं: दाखले शोधायला एआय खुशाल वापर, पण मिळालेला प्रत्येक दाखला गाथेत पडताळून घे. चिंतन मात्र तुझं तूच कर. तुकोबांचं नाव यंत्राच्या ओळींखाली घालू नकोस. रचावंसं वाटलं तर चार ओबडधोबड ओळी स्वतः रच, त्याखाली स्वतःचं नाव घाल, आणि मग त्या ओळींना जागून दाखव.