ओळखीचा चेहरा, अनोळखी मूल

आवडत्या माणसाला भेटल्यावर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. आपण ‘तुमचं काम फार आवडतं’ म्हणतो, तो ‘थँक यू’ म्हणतो, फोटो होतो, तोवर मागचा माणूस आपल्याला कोपराने सरकवतो. १९४९ साली लंडनहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात मात्र एक भेट झाली, तिचा हिशेब अजून मिटलेला नाही. हॉलिवूडचा लाडका विनोदी नट डॅनी के त्या विमानात होता. मॉरिस पेट नावाचे गृहस्थही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांसाठी निघालेली युनिसेफ ही जेमतेम तीन वर्षांची संस्था ते चालवत होते. वाटेत अटलांटिकवर एका इंजिनाने दगा दिला. खाली समुद्र, अशा अवस्थेत पेट त्या नटाला आपल्या संस्थेची हकिकत सांगत बसले.

पाच वर्षांनी, १९५४ मध्ये, डॅनी के युनिसेफचा पहिला सदिच्छादूत झाला आणि कॅमेरा घेऊन आशियात आला. भारत, ब्रह्मदेश, थायलंड असा फिरला. क्षय, हिवताप, कातडीला व्रण पाडणारा यॉज, असे रोग असलेल्या मुलांमध्ये वावरला आणि त्याची ‘असाइनमेंट चिल्ड्रन’ नावाची फिल्म झाली. त्या गावांमधल्या कुठल्याच मुलाने त्याचा सिनेमा पाहिलेला नव्हता. त्यांच्या लेखी तो तोंडं वेडीवाकडी करणारा, लाल केसांचा एक साहेब होता. मुलं खदखदून हसली ती त्याच्या कसबाला. त्याचं नाव कामी आलं ते हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या थिएटरांत.

नामवंत लोक मुलांसाठी जे काम करतात, त्याबद्दल आपण बोलतो तेव्हा हे विसरतो. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फोटो: नटीच्या कडेवर मूल, दोघांचे डोळे ओले. आपल्याला वाटतं, जे काही घडलं ते त्या दोघांमध्ये घडलं. खरं तर त्या मुलापर्यंत प्रसिद्धी पोचतच नाही. ती पोचते मोठ्या माणसांपर्यंत. ती मोठी माणसं पुढे काय करतात, यावर त्या भेटीचं मोल ठरतं.

आपल्याकडचा असा एक सोहळा मी जवळून पाहिला आहे. एक निवासी शाळा, तिथे वह्यावाटप, प्रमुख पाहुणे मालिकांमधले लोकप्रिय नट. मुलं सकाळी दहापासून पटांगणात ओळीने बसलेली, पाहुणे एकला आले. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मग पाहुण्यांची ओळख आणि त्या ओळखीत त्यांच्या सगळ्या मालिकांची यादी. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाने गुरुजींना विचारलं, हे कोण? गुरुजी म्हणाले, ‘अरे, टीव्हीत येतात ते.’ वसतिगृहातला टीव्ही कधीचा बंद पडला होता. पोरगं गप्प बसलं आणि माइकच्या वायरीकडे बघत राहिलं. वह्यांच्या मुखपृष्ठावर देणगीदाराचा फोटो होता, पाहुण्यांचा नव्हता, त्यावरून नंतर चहाच्या वेळी थोडी कुजबुजही झाली. पाहुणे माणूस म्हणून चांगले होते. मुलांशी गोड बोलले, दोघा-तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्यांचं नाव तिथे कोणासाठी वापरलं गेलं, असा प्रश्न पडला तर उत्तर एकच: देणगीदारासाठी. नट नसता तर वार्ताहर आले नसते.

याउलट काम सुनील गावसकरांचं. खारघरला मुलांच्या हृदयरोगावर मोफत उपचार करणारं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. ७० व्या वाढदिवसाला, २०१९ मध्ये, गावसकरांनी आपल्या ३५ आंतरराष्ट्रीय शतकांइतक्या, म्हणजे ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. हृदयाला छिद्र असलेल्या पाच वर्षांच्या पोराला गावसकर ठाऊक असायचं कारण नाही. त्याच्या आजोबांना मात्र १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा पाठ असेल.

हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिची गोष्ट याहून अवघड आहे. १९८८ च्या मार्चमध्ये ती युनिसेफसाठी इथिओपियात मेकेलेच्या अनाथालयात गेली. तिथल्या मुलांना ही सडपातळ, साधा पोलो शर्ट घातलेली बाई कोण, हे कळायची सोय नव्हती. तिला मात्र त्यांची भूक ओळखीची होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्समधला धान्यपुरवठा तोडला, तेव्हा ती आर्नेमजवळ राहणारी १५ वर्षांची मुलगी होती. त्या उपासमारीत लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. मुक्तीनंतर मदतीचे खोके आले ते तिने स्वतः घेतले होते. संयुक्त राष्ट्रांचे छायाचित्रकार जॉन आयझॅक, मूळचे तमिळनाडूचे, तिच्याबरोबर बांगलादेशात होते. तोंडावर माश्या घोंगावत असलेल्या मुलांनाही ती जाऊन सरळ मिठी मारायची, असं त्यांनी नंतर सांगितलं.

ही मिठी सगळ्यांना आठवते. मला महत्त्वाचं वाटतं ते मिठीनंतरचं. एकेका दौऱ्यानंतर ती पत्रकारांसमोर बसायची, मुलाखतीमागून मुलाखती द्यायची आणि तेच ते प्रश्न सहन करायची. सिनेमात कमावलेल्या चेहऱ्याचं तिने असं तासातासाने भाडं वसूल केलं, आणि ते सगळं दुसऱ्याच्या खात्यात जमा केलं. १९९२ च्या सप्टेंबरात ती सोमालियाला गेली. पुढच्या २० जानेवारीला स्वित्झर्लंडमध्ये ती वारली, तेव्हा ६३ वर्षांची होती.

भारतात मात्र एकदा उलटं घडलं. चेहरा जिथे ओळखीचा तिथेच, त्याच दारात, कामाला आला. पल्स पोलिओची मोहीम १९९५ पासून देशभर चालू होती. रविवारी समाजमंदिरात टेबल मांडलेलं असायचं, त्यावर बर्फाच्या पिशव्यांनी भरलेली लस-पेटी, मुलाच्या जिभेवर दोन थेंब, मग डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची जांभळी खूण. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फेरी आणि दारांवर खडूची निशाणी. तरीही उत्तर प्रदेश, बिहारमधल्या कित्येक घरांत दार उघडायचं नाही. थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतात, ही अफवा घट्ट बसली होती. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती सुरुवातीला समजुतीच्या सुरात होत्या. त्या जाहिरातींनी फारसं काम झालं नाही. मग जाहिरातकार पीयूष पांडे यांच्या चमूने बच्चन यांना रागवायला लावलं. पडद्यावर बच्चन आईबापांना चक्क झापू लागले. केंद्रावर आलेल्या बायांना का आलात विचारलं, तर त्या म्हणाल्या, अमिताभजी रागावलेत. हा किस्सा बच्चन स्वतः सांगत आले आहेत.

‘अँग्री यंग मॅन’चा राग २५-३० वर्षांनी पोलिओच्या कामी आला, ही मला हिंदी सिनेमाची सर्वांत मोठी कमाई वाटते. पण श्रेय वाटताना हात आखडता घेतला पाहिजे. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण सापडले, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये हावड्यातली एकच मुलगी, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे आकडे खाली आले ते उन्हात फिरणाऱ्या लसटोचकांमुळे, आशाताईंमुळे, मशिदीतून आवाहन करणाऱ्या इमामांमुळे. बच्चन यांचा राग कामाला आला, कारण त्यानंतर लगेच दारात लस घेऊन कोणीतरी उभं होतं. तिथे दोन थेंबांऐवजी खाटा नसलेला दवाखाना असता, तर तोच राग हवेत विरला असता.

एक गोष्ट अशा कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. मेकेले ज्या तिग्राई प्रांतात आहे, तिथला दुष्काळ नुसता पावसाने आणलेला नव्हता. सरकार आणि बंडखोर यांचं युद्ध चालू होतं आणि धान्य कोणाकडे पोचू द्यायचं, हा त्या युद्धातला डाव होता. युनिसेफला त्या-त्या सरकारच्या परवानगीने काम करावं लागतं. सदिच्छादूताने दोषी माणसाचं नाव घेतलं, तर उद्या धान्याचे ट्रक नाक्यावर अडतात. म्हणून फोटोत भूक दिसते, भूक लावणारा दिसत नाही. हेपबर्नने हा सौदा डोळे उघडे ठेवून केला असावा, आणि तिच्या जागी कोणीही तोच केला असता. पण सौदा आहे, हे मान्य करायला हवं.

असा सौदा न करणारा एक फुटबॉलपटू आपण अलीकडेच पाहिला. २०२० च्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडमधल्या गरीब मुलांच्या जेवणाची कुपनं बंद करायचं तिथल्या सरकारने ठरवलं होतं. मँचेस्टर युनायटेडच्या २२ वर्षांच्या मार्कस रॅशफर्डने १५ जूनला खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. आईने राबून आपल्याला वाढवलं, तरी ताटात पुरेसं असेलच असं नव्हतं, हे त्यात त्याने लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सरकार माघारी फिरलं. सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. ऑक्टोबरमध्ये संसदेत त्याच मागणीचा पराभव झाला, तेव्हा तो पुन्हा नुसतं भाषण करत बसला नाही. ठिकठिकाणची कॅफे, चहाची दुकानं, नगरपालिका आम्ही मुलांना जेवू घालू म्हणू लागली. त्यांची नावं तो एकेक करून ट्विटरवर टाकत राहिला. नोव्हेंबरात सरकारने पुन्हा हात सैल केला. या माणसाच्या कडेवर मूल नव्हतं. ते मूल तो स्वतःच होता.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबवला. द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. या अंड्यासाठी कोणी मोठं नाव पुढे आल्याचं मला आठवत नाही. मराठी नाटक-सिनेमातले कितीतरी कलावंत जिल्हा परिषदेच्या शाळेतली सुकडी, खिचडी खाऊनच वर आले आहेत, त्यांना भुकेची माहिती नाही असं नाही. पण सिनेमाचं अनुदान मंत्रालयातून येतं, चित्रनगरी सरकारची, राज्य पुरस्कार सरकारचे, आणि सरकारी योजनांच्या जाहिरातीतला चेहराही सरकारच निवडतं. रॅशफर्डचा पगार मँचेस्टर युनायटेड देत होतं.