मैदानावरचा निर्णय कोणाचा?

बी.पी.एड.चा छात्राध्यापक सराव पाठासाठी मैदानावर उभा राहिला की त्याच्या तोंडून आधी आज्ञाच निघते: सावधान, विश्राम, दाहिने मूड. पाठ टाचणात मिनिटामिनिटाचा हिशेब असतो, कडेला निरीक्षक बसलेले असतात आणि रांग विस्कटली की गुण जातील ही धास्ती असते. आज्ञा पद्धती अशा वेळी विचारपूर्वक निवडलेली नसतेच. मुलांना हुकूम सोडणारा स्वतःही हुकमाखालीच असतो.

शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मुस्का मॉस्टन यांनी 1966 साली अध्यापनशैलींचा जो पट मांडला, त्यात पुढे अकरा शैली झाल्या. त्यांतला भेद एकाच प्रश्नावर उभा आहे: पाठाआधी, पाठात आणि पाठानंतर निर्णय कोण घेतो? एका टोकाला सगळे निर्णय शिक्षकाचे, दुसऱ्या टोकाला सगळे विद्यार्थ्याचे. हा प्रश्न मुळात स्वातंत्र्य आणि शिस्त यांचा आहे. सर्जापूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला त्यावर सावकाश वाद घालता येतो. मैदानावर त्याचं उत्तर शिट्टी वाजायच्या आत द्यावं लागतं.

मॉस्टन यांचं तिरक्या दोरीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. उंच उडीची दोरी आडवी बांधून दर फेरीला वर नेली, तर ज्यांना सर्वाधिक सराव हवा तीच मुलं आधी बाद होऊन कडेला बसतात. दोरीचं एक टोक खाली बांधलं की प्रत्येकाला आपली उंची निवडता येते आणि बाद कोणीच होत नाही. आपल्याकडच्या अधिकारभेदाच्या, म्हणजे ज्याच्या त्याच्या पात्रतेनुसार शिकवण्याच्या, कल्पनेशी याचं नातं दिसतं; फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की इथे अधिकार जन्माने किंवा गुरूने ठरत नाही, शिकणारा स्वतः ठरवतो.

म्हणून आज्ञा त्याज्य ठरते असं नाही. मल्लखांबावर उलटं लटकलेल्या नवशिक्याला शोधपद्धतीने, म्हणजे त्याचं त्याला शोधू देत, शिकवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा होय. गीतेतही अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला निर्णयाची मोकळीक देतो, ती जवळजवळ सगळा उपदेश झाल्यावर.

खरी अडचण पुढे येते. एखादा मुलगा रोज दोरीच्या खालच्या टोकालाच उडी मारतो. हे त्याचं स्वातंत्र्य की आळस? ‘आज कुठून उडी मारणार?’ एवढं शिक्षकाने विचारावं. दंड धरून त्याला वरच्या टोकाकडे नेलं, तर दोरी तिरकी राहिली तरी पद्धत पुन्हा आज्ञेचीच होते.