खोऱ्याची ओढ

मॉर्मन पंथाचा इतिहास सांगताना बहुधा त्याचे दोन तुकडे केले जातात. एक, छळामुळे पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचा. दुसरा, देशोदेशी फिरणाऱ्या प्रचारकांचा. माझ्या मते १९व्या शतकात तरी हे एकच काम होते. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने मॉर्मनांना हाकलावे किंवा संपवावे असा हुकूम काढला, १८४४ मध्ये जमावाने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला तुरुंगात ठार केले आणि जुलै १८४७ मध्ये त्याचा उत्तराधिकारी ब्रिगहॅम यंग अनुयायांसह आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. पण नुसत्या या परागंदा माणसांवर तिथे समाज उभा राहिला नसता. १८५० च्या खानेसुमारीत युटाची वस्ती ११,३८० भरली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये या पंथाचे ३० हजारांहून अधिक अनुयायी होते. १८३७ पासून प्रचारक प्रेस्टनसारख्या गिरणगावांत बाप्तिस्मा देत होते, आणि बाप्तिस्म्यापाठोपाठ ‘एकत्र या’ ही आज्ञा येई. खोऱ्याकडे जाणे हा श्रद्धेचाच भाग होता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की गरीब मजुरांना धर्म नको होता, जमीन हवी होती. त्यात तथ्य आहे. १८४९ मध्ये स्थापन झालेला स्थलांतर निधी प्रवासखर्च उसना देई आणि युटात पोहोचल्यावर तो फेडायचा असे. हे आकर्षण लहान नव्हते. पण केवळ जमीनच हवी असती, तर ती वाटेत, आयोवाच्या काळ्या मातीतही मिळत होती. तरी १८५६ मध्ये, बैलगाड्यांना पैसे पुरेनात तेव्हा, या लोकांनी सामान हातगाड्यांवर लादले आणि सुमारे दोन हजार किलोमीटर चालायला घेतले. उशिरा निघालेल्या विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या वायोमिंगच्या बर्फात अडकल्या. सुमारे हजारांतले दोनशेहून अधिक दगावले. एवढे होऊनही हातगाड्या १८६० पर्यंत निघत राहिल्या. निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबात हे बसत नाही. निघायला उशीर झाला असताना त्यांना थांबवले नाही, हा पुढाऱ्यांचा दोष मात्र मला अक्षम्य वाटतो.

माझ्या म्हणण्याला उलट बाजूने दुजोरा देणारा पुरावा आपल्याकडे सापडतो. १८५२ मध्ये ह्यू फिन्ले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला, पुढे पुण्यात राहिला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत आडकाठी केली. हाती मोजकीच माणसे लागली, आणि काही वर्षांत हिंदुस्थानातली ही मोहीम आटोपली. भाषा, जात, कंपनी सरकारचा संशय ही कारणे सांगितली जातात, आणि इथल्या लोकांपुरती ती पटतातही. पण फिन्लेचे श्रोते बरेचसे गोरे शिपाई होते. त्यांना भाषेची अडचण नव्हती, जातीची तर नव्हतीच. प्रेस्टनचा विणकर मात्र गिरणी सोडू शकत होता आणि पुण्याचा शिपाई करारात बांधलेला होता. निघून जाण्याची वाटच नसलेल्या माणसाला खोऱ्याचे आवतण कसे देणार?

या वाटेची किंमत आणखी कुणीतरी मोजली. खोरे ओसाड होते ही समजूत खोटी आहे. तिथे शोशोनी, गोशूट आणि यूट लोकांचा वावर होता. लिव्हरपूलहून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजागणिक त्यांचे पाणवठे आणि मासेमारीच्या जागा आक्रसत गेल्या. १८६१ मध्ये अमेरिकी सरकारने युइंटाचे खोरे त्यांच्यासाठी राखीव ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत, मॉर्मनांशी झालेल्या लढाईनंतर, बहुतेक यूटांना तिकडे हलवण्यात आले. हाकलले गेलेले लोक इतरांना हाकलत होते, आणि प्रेस्टनमधल्या नवशिक्या श्रद्धावंताला त्याची खबरही नव्हती.